फ्री थ्रो येत नाही? मग धरा त्यालाच! : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात बास्केटबॉलवर लिहिताना 'हॅक-अ-शॅक' असा एका वाक्यात उल्लेख केला होता, म्हणजे ज्या खेळाडूला फ्री थ्रो (फाऊलची भरपाई म्हणून मिळणारी, समोर कोणी न अडवता एका पॉइंटसाठी बास्केटवर बॉल टाकायची संधी) जमत नाहीत त्यालाच मुद्दाम फाऊल करून लाइनवर उभं करायचं. तेवढ्या एका वाक्यावरून इतकी पत्रं आलीत की बाकीचे सगळे प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत. बॅडमिंटनवाल्यांनी रागावू नये.

प्रश्न : मुलगा पहाटे उठून एनबीए, म्हणजे अमेरिकेची बास्केटबॉल लीग, बघतो, त्याच्या नादानं मीही चहा घेऊन बसते. परवा बघितलं तर ज्याच्या हातात बॉलच नाही अशा एका उंच माणसाला समोरच्यानं जाऊन सरळ मिठी मारली. शिट्टी वाजली, त्याला दोन फ्री थ्रो मिळाले, दोन्ही हुकले. पुढच्या वेळी परत तेच. मुलगा म्हणतो ही स्ट्रॅटेजी आहे. मला तर हा रडीचा डाव वाटला. तुमचं काय मत? (एक वाचक, पुणे)

ताई, तुमचं अर्धं बरोबर आहे आणि मुलाचं पूर्ण बरोबर आहे. दिसायला रडीचाच आहे पण नियमात बसतो.

होतं काय की एनबीएमध्ये एका क्वार्टरमध्ये टीमचे चार फाऊल होऊन गेले की पाचव्यापासून पुढे कुठलाही साधा फाऊल झाला तरी समोरच्याला दोन फ्री थ्रो मिळतात, मग तो माणूस बास्केट करत असो किंवा कोपऱ्यात नुसता उभा असो. नियमामागची कल्पना अशी की फाऊल करणाऱ्याला शिक्षा व्हावी. पण शिक्षा कोणाच्या हातून घ्यायची ते फाऊल करणाराच ठरवतो ना! मग समोरच्या पाचांतला सगळ्यात कच्चा बघायचा आणि त्यालाच धरायचं. नाक दाबलं की तोंड उघडतं, तसला प्रकार.

ही आयडिया गाजवली ती डॉन नेल्सन या कोचनं, आणि गंमत म्हणजे सुरुवात शकील ओनील ऊर्फ शॅकवर नाही तर डेनिस रॉडमनवर झाली. 29 डिसेंबर 1997, नेल्सनची टीम डॅलस, समोर मायकल जॉर्डन आणि रॉडमनची शिकागो बुल्स. रॉडमनचे त्या सीझनला तोपर्यंत शंभरातले चाळीससुद्धा फ्री थ्रो जात नव्हते, म्हणून नेल्सननं बब्बा वेल्स नावाच्या नवख्या पोराला बेंचवरून उठवलं आणि एकच काम दिलं, रॉडमनला धर. पोरानं इमानेइतबारे धरलं. एकदा, दोनदा, तीनदा, रेफ्री शिट्टी वाजवून वाजवून थकला असेल, आणि तीन मिनिटंसुद्धा व्हायच्या आत सहा फाऊल होऊन पोरगा मॅचमधून बाद. एनबीएमधला सगळ्यात झटपट बाद व्हायचा रेकॉर्ड अजून त्याच्याच नावावर आहे बिचाऱ्याच्या. आणि रॉडमननं काय करावं? 12 पैकी 9 घातले! बुल्स 111-105 नं जिंकले.

पुढचं ऐकून तर हसूच येतं. पुढच्या वर्षी डॅलसनं जी मोठी अदलाबदल केली त्यात वेल्स फीनिक्सला गेला आणि डॅलसला मिळाला स्टीव्ह नॅश, ज्याचे अख्ख्या करिअरमध्ये शंभरातले नव्वद फ्री थ्रो आत गेलेत.

प्रश्न : सर, मी इंजिनीअरिंगला आहे, आमच्या ग्रुपमध्ये यावरून रोज भांडणं होतात. गणितानं बघितलं तर 50 टक्केवाल्याला फाऊल करणं फायद्याचंच आहे ना? मग कोच लोक सारखंच का करत नाहीत? (एक वाचक, नागपूर)

चल, गणित करू. 50 टक्केवाला दोन फ्री थ्रो घेतो, म्हणजे सरासरी 1 पॉइंट. आजच्या एनबीएमध्ये एखाद्या टीमला शंभर वेळा बॉल मिळाला की त्यातून साधारण 110 ते 115 पॉइंट निघतात, म्हणजे एका वेळेला 1.1 च्या वर. 1 हा 1.1 पेक्षा कमी, म्हणजे तुझं म्हणणं बरोबर. इथपर्यंत तुमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांचं एकमत असेल.

भांडण पुढे सुरू व्हायला पाहिजे. एक तर दुसरा फ्री थ्रो हुकला तर रिबाऊंड, म्हणजे रिंगला लागून परत आलेला बॉल, कधीकधी त्यांनाच मिळतो, नेहमी नाही, पण मिळतो, आणि मग त्यांना फुकटात अजून एक संधी, तर तो 1 पॉइंट थोडा वर सरकतो. दुसरं, आणि हे लोक विसरतातच, फ्री थ्रो चालू असताना समोरची टीम आरामात मागे जाते, पाणी पिते, कोणी कोणाला धरायचं ते ठरवते, म्हणजे पुढच्या वेळी तुम्ही बॉल घेऊन जाल तेव्हा डिफेन्स पूर्ण सेट होऊन तुमची वाटच बघत असतो. ज्या टीमचा धंदाच रिबाऊंड घेऊन सुसाट पळण्यावर चालतो त्यांनी हे असं करायचं म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा. तिसरं, फाऊल काही फुकट येत नाहीत, सहा झाले की माणूस बाहेर, म्हणून हे काम बेंचवरच्या आठव्या-नवव्या खेळाडूला द्यावं लागतं, आणि तो कोर्टवर आहे याचाच अर्थ तुमचा चांगला खेळाडू बाहेर बसलाय.

आता शॅकचंच बघ, ज्याच्यावरून नाव पडलं. 1999-2000 च्या सीझनमध्ये तो 52.4 टक्के होता. दोन फ्री थ्रोचे झाले साधारण 1.05. तेव्हाच्या एनबीएमध्ये शंभर वेळच्या बॉलमागे सरासरी 104 च्या आसपास पॉइंट निघायचे, म्हणजे 1.04. काय उरलं हातात? काहीच नाही! सरासरी टीमशी बरोबरी झाली फक्त. हां, शॅकची लेकर्स सरासरी टीम नव्हती, ती चँपियन होती, म्हणून थोडा फायदा पकडू, पण कोच लोकांनी त्या वर्षी जेवढा आटापिटा केला तेवढा तर नक्कीच नाही. प्लेऑफमध्ये पोर्टलंडनं पहिल्या मॅचच्या नुसत्या चौथ्या क्वार्टरमध्ये त्याला 25 फ्री थ्रो टाकायला लावले, मॅच लेकर्सनी 109-94 अशी जिंकली. मग फायनलमध्ये इंडियानानं तेच, दुसऱ्या मॅचमध्ये शॅकनं 39 फ्री थ्रो घेतले, घातले फक्त 18, लेकर्सचा दुसरा स्टार कोबी ब्रायंट पहिल्याच क्वार्टरमध्ये घोटा मुरगळून बाहेर, आणि तरी 111-104 लेकर्स. शॅकचे त्या दिवशी 40 पॉइंट आणि 24 रिबाऊंड. 21 फ्री थ्रो वाया घालवून!

याच्यावर ग्रुपमधला एखादा हुशार म्हणेल की सर तुम्ही निवडून उदाहरणं देताय. बरं, अजून घ्या. जानेवारी 2012, गोल्डन स्टेटनं ड्वाइट हॉवर्डला धरधर धरलं, त्यानं 39 पैकी 21 घातले, एका मॅचमध्ये सगळ्यात जास्त फ्री थ्रो घ्यायचा विल्ट चेंबरलेनचा 1962 पासूनचा रेकॉर्ड मोडला, 45 पॉइंट केले, ऑरलँडो जिंकली. मे 2015, ह्यूस्टननं डिआंड्रे जॉर्डनला नुसत्या पहिल्या हाफमध्ये 28 फ्री थ्रो टाकायला लावले, क्लिपर्स 128-95 जिंकले, तेहेतीस पॉइंटनी! नोव्हेंबर 2017, वॉशिंग्टननं फिलाडेल्फियाच्या बेन सिमन्सला चौथ्या क्वार्टरमध्ये 24 फ्री थ्रो टाकायला लावले, फिलाडेल्फिया जिंकली. ज्या ज्या रात्री रेकॉर्ड झाले त्या बहुतेक रात्री धरणाराच हरलाय.

पण थांब, यातून 'फाऊल केला म्हणून हरले' असा निष्कर्ष काढलास तर मी तुझे मार्क कापेन. कारण हा डाव टाकतं कोण? जो आधीच मागे आहे तो. पंधरानं मागे असलेल्या कोचकडे सगळ्यात कमी काय असतं तर वेळ, आणि फ्री थ्रो चालू असताना घड्याळ बंद असतं, म्हणून प्रत्येक वेळी लगेच फाऊल केला की त्याच पाच मिनिटांत त्याला बॉल जास्त वेळा मिळतो. तो काही सरासरी सुधारायला बसलेला नसतो, त्याला नशिबाचे फासे जास्त वेळा टाकायचे असतात. तेवढ्यापुरतं ते शहाणपणाचंच आहे. पुढे असताना, आपली टीम नीट चालू असताना हे करणारा कोच मात्र मला कधीच कळला नाही.

आणि एक गोष्ट तुमच्या एक्सेलमध्ये बसणार नाही. 2021, फिलाडेल्फिया विरुद्ध अटलांटा, पाचवी मॅच. फिलाडेल्फिया 26 पॉइंटनी पुढे होती. सिमन्सनं 14 पैकी 4 फ्री थ्रो घातले आणि अटलांटानं मॅच 109-106 अशी खेचून नेली. हे झालं आकड्यांचं. खरा परिणाम सातव्या मॅचला दिसला. चौथा क्वार्टर, सिमन्स बास्केटच्या अगदी खाली, बॉल हातात, पाठीमागे त्याच्यापेक्षा कितीतरी बुटका, अटलांटाचा ट्रे यंग. फक्त वर उडून डंक करायचा, म्हणजे बॉल वरून रिंगमध्ये घालायचा. आणि त्यानं बॉल बाजूच्या आपल्याच टीमच्या थायबुलला दिला. का? माझा अंदाज असा, की उडालो आणि फाऊल झाला तर परत त्या लाइनवर जाऊन उभं राहावं लागेल. थायबुलला फाऊल झाला, दोनांतला एक गेला, मॅच गेली, सिरीज गेली, आणि सिमन्स फिलाडेल्फियाकडून परत कधीच खेळला नाही. त्या प्लेऑफमध्ये त्याचे 73 पैकी 25 फ्री थ्रो गेले होते. तिथं कोणी त्याला मिठी मारायची गरजसुद्धा उरली नव्हती. हॅक-अ-शॅकचा खरा फायदा मला विचारशील तर हा आहे, 1 विरुद्ध 1.1 नाही. एकतर माणूस बॉलपासून लांब पळायला लागतो, नाहीतर त्याचाच कोच त्याला शेवटच्या पाच मिनिटांत बाहेर बसवतो. समोरच्या टीमचा मोठा खेळाडू तुम्ही त्यांच्याच हातानं काढून घेतला.

प्रश्न : कोट्यवधी डॉलर घेतात आणि समोर कोणी नसताना पंधरा फुटांवरून बॉल टाकता येत नाही? दिवसभर दुसरं काम काय असतं यांना? (एक वाचक, नाशिक)

काका, तुमचा राग समजतो. पण प्रॅक्टिस न करणं हे कारण फार थोड्यांचं असतं. फ्री थ्रोमध्ये कोणी अडवायला नसतं हाच त्याचा त्रास आहे, विचार करायला वेळ मिळतो. शॅकसारखा माणूस अख्खी मॅच बास्केटखाली धक्काबुक्की करतो, त्याचं अंग त्या कामासाठी तयार झालेलं, आणि मग अचानक शिट्टी वाजते, वीस हजार लोक ओरडतायत, आणि त्यानं मनगट हलकं ठेवून नाजूक काम करायचं. शॅकनं करिअरमध्ये 11,252 फ्री थ्रो घेतले आणि 5,317 हुकवले. डिसेंबर 2000 मध्ये एका मॅचला 11 पैकी शून्य. त्याच्याहून जास्त हुकवणारा एकच, विल्ट चेंबरलेन.

आणि विल्टची गोष्ट तुम्हाला अजून चीड आणेल. त्याला उपाय सापडला होता! 1961-62 मध्ये तो अंडरहँड टाकायला लागला, म्हणजे दोन्ही हातांनी बॉल गुडघ्यांमध्ये खाली नेऊन हळूच वर सोडायचा. त्या सीझनला 61 टक्के, त्याच्या मानानं दिवाळी. 2 मार्च 1962 ला त्यानं एका मॅचमध्ये जे 100 पॉइंट केले ना, त्यात 32 पैकी 28 फ्री थ्रो होते. एवढं होऊन त्यानं ती पद्धत सोडली. का, तर तसं टाकताना बायकी वाटतं, लोक हसतात, स्वतःच लिहून ठेवलंय आत्मचरित्रात. पुढे 1967-68 ला 38 टक्क्यांवर आला. रिक बॅरी या जुन्या स्टारनं मात्र आयुष्यभर अंडरहँडच टाकले, हसणारे हसले, त्याचे शंभरातले नव्वद आत. बॅरी नंतर कित्येकांना सांगत फिरला, शॅकलाही सांगून झालं, शॅकनं साफ नकार दिला. माझ्या मते हॅक-अ-शॅक एवढी वर्षं चालू राहिलं त्यात निम्मा वाटा या मर्दानगीच्या खुळाचा आहे. फुकटचे दहा टक्के समोर ठेवलेले आणि घ्यायला लाज वाटते!

प्रश्न : मी इथे न्यू जर्सीत असतो, तिकीट काढून मॅचला गेलो तर अर्धा तास नुसते हुकणारे फ्री थ्रो बघितले. हे सरळ बॅन का करत नाहीत? (एक वाचक)

थोडं केलंय. विल्टच्या काळात शेवटच्या मिनिटांत समोरचे त्याला धरायला धावायचे आणि सात फुटांहून उंच विल्ट त्यांच्यापासून कोर्टभर पळायचा, पकडापकडीच चालायची. त्यातून नियम आला की शेवटच्या दोन मिनिटांत बॉलपासून लांब असलेल्याला फाऊल केला तर एक फ्री थ्रो, तोही टीममधला कोणीही घेणार, आणि वर बॉल परत त्यांनाच. डाव संपला तिथल्या तिथे. पण तेव्हा हे फक्त चौथ्या क्वार्टरच्या शेवटी आणि ओव्हरटाइमला होतं. बाकी वेळ मोकळं रान.

मग जानेवारी 2016 मध्ये ह्यूस्टननं डेट्रॉइटविरुद्ध जे केलं त्यानं सगळ्यांचा संयम सुटला. तिसरा क्वार्टर सुरू झाला, अजून टीमचे फाऊल शून्य, म्हणजे फ्री थ्रो मिळणारच नाहीत, तर के. जे. मॅकडॅनियल्सनं नऊ सेकंदांत पाच फाऊल केले. नऊ सेकंदांत पाच! नुसतं मीटर वाढवायला. आंद्रे ड्रमंडनं त्या रात्री 36 पैकी 13 घातले, 23 हुकवले, एका मॅचमध्ये एवढे आजवर कोणी हुकवले नव्हते. आणि जिंकलं कोण? डेट्रॉइट, 123-114. त्याच उन्हाळ्यात एनबीएनं दोन मिनिटांचा तो नियम चारही क्वार्टरच्या शेवटाला लावला, आणि फ्री थ्रोच्या वेळी मागून पाठीवर उडी मारून फाऊल करायचा जो प्रकार सुरू झाला होता त्याला फ्लॅगरंट, म्हणजे गंभीर फाऊल, धरायला सुरुवात केली.

पूर्ण बॅन मात्र नको असं मला वाटतं. आपल्या कबड्डीत बघा, रेडर नुसता लाइनला पाय लावून परत यायला लागले तर लोक कंटाळले, म्हणून प्रो कबड्डीत दोन रेड रिकाम्या गेल्या की तिसरी 'डू ऑर डाय' केली. त्यांनी रिकामी रेड बॅन नाही केली, महाग केली. फाऊलचंही तसंच असावं. शेवटी फ्री थ्रो हाही खेळाचाच भाग आहे, ज्याला तो येत नाही त्याला नियमानं किती झाकून ठेवायचं? तुमच्या तिकिटाच्या पैशांचं वाईट वाटतं, पण 2025 च्या प्लेऑफमध्येही न्यूयॉर्क निक्सच्या मिचेल रॉबिन्सनला मुद्दाम फाऊल करून लाइनवर पाठवतच होते, आणि मी काही टीव्ही बंद केला नाही.

प्रश्न : दादा, मी अकरावीत आहे, कॉलेजच्या टीमकडून खेळते. समोरच्या टीमची सेंटर खूप उंच आहे पण तिला फ्री थ्रो अजिबात येत नाही. आमचे सर म्हणतात शेवटच्या क्वार्टरला तिला पकडायचं. हे आपल्याकडे चालतं का? आणि खरं सांगू का, मलाही फ्री थ्रो येत नाहीत, त्यांनी मलाच पकडलं तर? (एक वाचक, सांगली)

तुझा प्रश्न सगळ्यात भारी आहे. टीव्हीवर बघितलेलं जसंच्या तसं करू नका, कारण आपल्याकडे मॅच फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या नियमांनी होतात आणि तिथे फाऊल करताना बॉल खेळायचा खरा प्रयत्न दिसावा लागतो. बॉल कुठे, तू कुठे, आणि तिला मागून मिठी मारलीस तर रेफ्री अनस्पोर्ट्समनलाइक देईल, म्हणजे तिला दोन फ्री थ्रो आणि परत बॉलही त्यांचाच. असे दोन झाले की तू मॅचमधून बाहेर. शेवटच्या दोन मिनिटांत अजून एक भानगड आहे, बाहेरून बॉल टाकणारीच्या हातातून तो सुटायच्या आधीच कोर्टवर कोणाला फाऊल केलात तर एक फ्री थ्रो आणि बॉल त्यांचा. शिवाय आपल्याकडे सहा नाही, पाच फाऊलला बाद.

चालतं काय, तर तिच्या हातात बॉल आला, ती बास्केटकडे वळली, की बॉलवर हात मारायला जायचं, फाऊल झाला तर झाला. क्वार्टरमधला टीमचा पाचवा फाऊल असेल तर तशीही दोन फ्री थ्रो, पण ते दोन सोपे पॉइंट तिला फुकट मिळाले नाहीत. सरांना हे असं समजावून सांग, ते ऐकतील. आणि तिला लागेल असं काही करू नका, ती उडालेली असताना तर हात लावूच नका, खाली पडताना गुडघा जातो मुलींचा.

राहिला तुझा प्रश्न. पकडतील, नक्की पकडतील, त्यांच्याही सरांना डोळे आहेत. लोक फ्री थ्रोची प्रॅक्टिस सुरुवातीला करतात, दमायच्या आधी, ते बदल. कोर्टच्या चार चकरा मार, धाप लागली की लाइनवर जा आणि फक्त दोनच टाक, मग परत पळ, कारण मॅचमध्ये सलग पन्नास कोणी देत नाही, दोनच मिळतात आणि तेही छाती भरलेली असताना. बॉल हातात आला की तुला पाच सेकंद असतात, तेवढ्यात बसेल असा एक ठरलेला क्रम ठेव, दोनदा आपटायचा, श्वास सोडायचा, टाकायचा, आणि हुकला तरी दुसऱ्याच्या वेळी तोच क्रम. रिंगच्या पुढच्या कडेला लागून परत येत असतील तर हाताचा जोर वाढवू नकोस, गुडघे अजून वाक आणि बॉल जास्त उंच सोड. महिनाभरानंही जमलं नाही तर अंडरहँड करून बघ, मी चेष्टा करत नाहीये.

आणि मॅचच्या दिवशी बेंचवरच्या एकीला स्कोअररच्या टेबलाकडे लक्ष ठेवायला सांगा. क्वार्टरमधला चौथा फाऊल झाला की तिथे टेबलाच्या टोकाला लाल मार्कर लागतो. तो तुमच्या बेंचच्या बाजूला लागला की तुम्ही सांभाळायचं, आणि त्यांच्या बाजूला लागला की बॉल घेऊन सरळ आत घुसायचं.